मांजरालाही शुगर होते : एका बोक्याच्या निमित्ताने

रविवारी वंदना झाली की आम्ही दोघी-तिघी विहाराच्या ओसरीवर टेबल मांडून बसतो. वस्तीतले चाळिशीपुढचे लोक ओळीने येतात. बोटाला टोचून शुगर बघायची, बीपी बघायचा आणि वहीत लिहायचे, असा आमचा नेम आहे. एका रविवारी शेजारच्या गल्लीतल्या एक आजी आल्या. बोट पुढे करायच्या आधीच म्हणाल्या, "सिस्टर, माझं ऱ्हाऊ द्या, आमच्या बोक्याचं बघा. त्याच्या मुतावर मुंग्या लागत्यात."

ओळीतले सगळे हसले. "आता मांजराचीबी शुगर तपासायची का?" असे कुणीतरी म्हणाले. आजी मात्र हसत नव्हत्या. मुलगा-सून पुण्याला, मालक जाऊन सहा वर्षे झालेली. घरात त्या आणि हा दहा वर्षांचा बोका. त्यांनी सांगितले ते असे : बोका मोरीतल्या बादलीत तोंड घालून पाणी पितो, पुन्हा पुन्हा मुततो, खायला सारखा मागतो, तरी पाठीचा कणा हाताला लागायला लागला आहे. आणि मागचे पाय टाकताना तो पंजावर न चालता टाच टेकवून, घसटत चालतो.

आम्ही हसणाऱ्यांना गप्प केले. कारण आजींनी सांगितलेली लक्षणे माणसाची म्हणून सांगितली असती, तर आम्ही लगेच शुगर तपासली असती. पुढे आजी हळूच म्हणाल्या, "चार दिस झालं, माझ्याच गोळीतली अर्धी कुटून दुधातनं देतीय त्याला." तेव्हा आमच्या पोटात गोळा आला. गोळी आजपासून बंद करा, असे आम्ही तिथेच सांगितले.

आमची पदविका माणसांच्या नर्सिंगची आहे. त्यामुळे बोक्याचे निदान आम्ही केले नाही आणि करणारही नाही. जनावरांच्या डॉक्टरांकडे आजींबरोबर गेलो, त्यांना विचारून विचारून शिकलो. ते या वेळच्या आरोग्य पानावर मांडत आहोत. वस्तीत उंदरांसाठी म्हणून का होईना, घरोघर मांजर असते. आणि माणसाची शुगरही आता जवळपास प्रत्येक गल्लीत आहे. हे दोन्ही एकाच घरात आले, की काय चुका होतात ते आम्ही डोळ्यांनी पाहिले.

मांजराला शुगर होते म्हणजे काय?

आपल्या पोटात जठरामागे स्वादुपिंड असते, तसे मांजरालाही असते. त्यातून इन्सुलिन पाझरते. रक्तातली साखर शरीराच्या पेशींमध्ये शिरायला हे इन्सुलिन लागते. ते कमी पडले, किंवा असूनही शरीर त्याला दाद देईना, की साखर रक्तातच साठते. पेशी उपाशी राहतात, म्हणून मांजर सारखे खाते आणि तरी वाळते. रक्तातली साखर एका मर्यादेपलीकडे गेली, मांजरात ही मर्यादा साधारण २५० ते ३०० च्या आसपास असते, की ती लघवीत उतरते. साखर आपल्याबरोबर पाणी ओढून नेते, म्हणून लघवी वाढते. लघवी वाढली म्हणून तहान वाढते. मुंग्या लागतात त्या या साखरेमुळे.

मांजराची शुगर बहुतेक वेळा आपल्या 'टाइप टू' सारखी असते, म्हणजे उतारवयात, अंगावर मांस चढल्यावर येणारी. साधारण सात-आठ वर्षांपुढचे, जाड, दिवसभर पडून राहणारे, नर आणि त्यातही नसबंदी केलेले मांजर असेल तर धोका जास्त. आणखी एक कारण आहे, ते लक्षात ठेवा. अंग खाजते, केस गळतात म्हणून स्टिरॉइडची इंजेक्शने वारंवार दिली, तर त्यानेही मांजराला शुगर लागू शकते. आजींच्या बोक्याला खाजेसाठी दोन वर्षांत अशी बरीच इंजेक्शने झाली होती. कशाचे इंजेक्शन ते देणाऱ्याने सांगितले नाही, आजींनी विचारले नाही. जनावराला असो की माणसाला, सुई टोचली तर कशाची ते विचारून घ्या आणि कागदावर लिहून मागा. तो आपला हक्क आहे.

मागचे पाय टेकवून चालणे हे शुगरने नसा कमजोर झाल्याचे लक्षण. माणसाला तळपायाला मुंग्या येतात, बधिरपणा येतो, तसाच हा प्रकार. शुगर आटोक्यात आली तर पुष्कळ मांजरांची चाल हळूहळू सुधारते, पण त्याला महिने लागतात.

घरच्या घरी काय बघायचे?

पाणी मोजा. सकाळी मापाने पाणी भरून ठेवा, दुसऱ्या दिवशी उरलेले मोजा. इतर बादल्या झाकून ठेवा. चार किलोच्या मांजराने दिवसात २०० मिलिलिटरपेक्षा जास्त, म्हणजे मोठ्या पेल्याएवढे पाणी प्यायले, तर ते जास्त आहे. चारशेच्या घरात गेले तर उशीर करू नका.

वजन करा. किराणा दुकानाचा काटा चालतो. मांजर पिशवीत घालून वजन करा, मग पिशवीचे वजन वजा करा.

लघवीची जागा बघा. राखेत किंवा वाळूत मुतत असेल तर गोळे मोठे आणि जास्त दिसतात.

मात्र एवढ्यावरून शुगरच आहे असे ठरवू नका. म्हाताऱ्या मांजराची किडनी खराब झाली, किंवा थायरॉइड वाढले, तरी तहान वाढते आणि वजन घटते. म्हणून तपासणी हवीच.

दवाखान्यात जाताना

लोणंदकरांना एक सोय आहे. आपल्याच खंडाळा तालुक्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे जनावरांचे डॉक्टर घडतात आणि महाविद्यालयाचा दवाखानाही आहे. मुंबईला नातेवाईक असतील, तर परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे जुने इस्पितळ आहे. सरकारचा पशुवैद्यकीय दवाखाना गायी-म्हशींसाठी, शेळ्यांसाठी आपल्याला माहीत असतो. मांजर घेऊन तिथे जायला लाजू नका. तिथे मांजराची तपासणी होत नसेल, तर कुठे होते ते तरी कळेल.

मांजराला पोत्यात कोंबून एसटीने नेऊ नका. भोके पाडलेला पुठ्ठ्याचा खोका किंवा झाकणाची टोपली घ्या, आत घरातले जुने लुगडे घाला. हे केवळ दया म्हणून सांगत नाही. मांजर घाबरले की शुगर नसतानाही त्याची रक्तातली साखर वाढते, कधी ३०० च्या पुढेही जाते. शांत मांजराची साखर साधारण ८० ते १२० असते. म्हणून घाबरलेल्या मांजराची एकदाच रक्त तपासणी करून निदान होत नाही. लघवीत साखर आहे का ते बघतात, आणि फ्रुक्टोसामाइन नावाची रक्ताची तपासणी करतात. तिच्यावरून मागच्या एक-दोन आठवड्यांत साखर सरासरी कशी होती ते कळते. आपल्याकडे माणसांची तीन महिन्यांची तपासणी करतात, तसलाच हा प्रकार.

इन्सुलिन : थेंबाएवढे औषध, पण हिशोब पक्का हवा

मांजराच्या शुगरवर मुख्य औषध इन्सुलिनच. आपल्या गोळ्या मांजरासाठी नाहीत. आजी देत होत्या ती मेटफॉर्मिनची गोळी मांजराला उपयोगी पडत नाही, उलट त्याला ओकाऱ्या होतात, खाणे तुटते. तसेच झाले होते.

डॉक्टर बहुधा लांब पल्ल्याचे इन्सुलिन देतात. ग्लार्जिन हे त्यातले एक नाव. सुरुवात साधारण अर्ध्या ते एक युनिटने, दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतराने होते. सकाळी सातला तर संध्याकाळी सातला. डोस डॉक्टरच ठरवतात, वाढवतात तेच आणि कमी करतात तेही तेच. आपण मनाने वाढवायचा नाही. आजींची स्वतःची बाटली मिश्र इन्सुलिनची होती. ती माणसाच्या जेवणाच्या वेळांप्रमाणे बनवलेली असते. "एकच औषध दोघांना" हा हिशोब इथे बसत नाही.

आता सगळ्यात धोक्याची गोष्ट सांगतो. आपल्याकडे इन्सुलिन दोन ताकदीचे मिळते. एक, ज्याच्या एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असतात. दुसरे, ज्यात १०० युनिट असतात. सिरिंजही दोन प्रकारच्या. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची नारिंगी टोपणाची. सरकारी दवाखान्यातून आपल्याला मिळते ती बाटली पुष्कळदा ४० ची असते, आणि ग्लार्जिन १०० चे असते. घरात आजीची लाल टोपणाची सिरिंज आहे, म्हणून तीच घेऊन मांजरासाठी १०० च्या बाटलीतून एक रेघ औषध ओढले, तर मांजराला एक युनिट जात नाही, अडीच युनिट जाते. चार किलोच्या जिवाला एवढी चूक प्राणघातक होऊ शकते. माणसाच्या बाबतीतही हीच चूक होते. म्हणून बाटलीवर ४० लिहिले असेल तर सिरिंजही ४० ची, बाटलीवर १०० तर सिरिंजही १०० ची. दर वेळी वाचून बघा. वाचता येत नसेल तर घरातल्या शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्या. मांजरासाठी अर्ध्या युनिटच्या खुणा असलेली लहान सिरिंज मिळाली तर उत्तम.

टोचायची रीत सोपी आहे. मांजर खात असताना टोचा. बरगडीच्या बाजूची कातडी चिमटीत धरून वर उचलली की खाली तंबूसारखी पोकळी होते, तिच्यात सुई घालायची आणि दट्ट्या दाबायचा. रोज जागा थोडी बदलायची. औषध आत गेले की केसांवर सांडले अशी शंका आली, तर पुन्हा टोचू नका. एक डोस चुकला तर मांजर मरत नाही, दोनदा गेला तर मरू शकते.

इन्सुलिन फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात कधीच नको. एकदा गोठलेले औषध फेकूनच द्यावे लागते. फ्रीज नसेल तर मातीच्या मोठ्या भांड्यात ओली वाळू घालून त्यात लहान मडके बसवा, बाटली प्लास्टिकच्या पिशवीत बांधून त्या मडक्यात सावलीला ठेवा. वाळू सुकू देऊ नका. बाटली फोडलेली तारीख तिच्यावर लिहून ठेवा, आणि किती दिवस वापरायची ते डॉक्टरांना विचारा.

वापरलेली सुई कचऱ्यात किंवा गटारात टाकू नका. जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवा आणि भरली की आरोग्य केंद्रात विचारून तिथे द्या. गावाचा कचरा कुणाचे हात उचलतात, हे आपल्या समाजाला सांगायची गरज नाही. आपल्या घरातल्या सुईने आपल्याच माणसाचा हात फुटू नये.

साखर एकदम उतरली तर

इन्सुलिन घेणाऱ्या माणसाला घाम फुटतो, हातपाय कापतात, चक्कर येते. मांजराचे असे होते : ते झोकांड्या खाते, अंग कापते, मान टाकते, वेड्यासारखे खायला मागते किंवा कोपऱ्यात सुन्न बसते. पुढे झटके येतात आणि बेशुद्ध पडते. साखर ६० च्या खाली गेली की असा धोका सुरू होतो.

अशा वेळी मांजर गिळू शकत असेल तर लगेच खायला द्या. गिळत नसेल किंवा झटके येत असतील, तर तोंडात काही ओतू नका, ते श्वासनळीत जाईल. साखरेचा घट्ट पाक, मध किंवा ग्लुकोजची पावडर पाण्यात कालवून बोटाने हिरड्यांवर चोळा. चावणार नाही याची काळजी घ्या. सावध झाले की खायला घाला आणि तसेच डॉक्टरांकडे न्या. पुढचा डोस डॉक्टरांशी बोलल्याशिवाय नको.

म्हणून नियम असा : आधी ताटली, मग सुई. मांजर खात नसेल, ओकत असेल, तर नेहमीचा डोस टोचू नका, डॉक्टरांना फोन करा. आणि उलट बाजूही लक्षात ठेवा. शुगर वाढलेले मांजर खाणे सोडून ओकायला लागले, मलूल पडले, जोरजोराने श्वास घ्यायला लागले, तर रक्तात आम्ल वाढलेले असू शकते. त्याला घरी उपाय नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

ताटलीत काय घालायचे?

आपल्या घरात मांजराला काय मिळते? दूध-भाकरी, दूध-भात, चहात बुडवलेले बिस्किट. प्रेमाने घातलेले हे सगळे पीठ आणि साखर आहे. मांजर जातीने मांसाहारी आहे. त्याचे शरीर मांसातल्या प्रथिनांवर चालते, पिष्ट पदार्थ पचवायची त्याची ताकद कमी असते. टॉरिन नावाचे एक द्रव्य त्याला लागते, ते मांस-मासळीतच मिळते. ते मिळाले नाही तर मांजराचे डोळे आणि हृदय खराब होतात. त्यामुळे घरातले माणूस शाकाहारी झाले, तरी मांजराला शाकाहारी करता येत नाही. दुकानातले कोरडे दाणेही पुष्कळदा पिठाने भरलेले असतात. शुगरच्या मांजराला ओले, मांसाचे खाणे बरे.

हे महाग पडते असे वाटेल. पण कोंबडीच्या दुकानात माना, पोटे, काळीज कमी पैशांत मिळते. ते मीठ-मसाला न घालता उकडून द्या. काळीज थोडेच द्या, रोज भरपूर नको. उकडलेले अंडे चालते. लहान मासळी उकडून, काटे काढून द्या. सुकट, बोंबील द्यायचे तर पाण्यात भिजवून, दोन-तीनदा धुऊन मीठ काढून टाका. शिजलेली हाडे देऊ नका, ती फुटून आतड्यात टोचतात. नुसत्या कोंबडीवर वर्षानुवर्षे ठेवले तर कॅल्शियम कमी पडते, त्याबद्दल डॉक्टरांना विचारा.

आपल्या ताटातला रस्सा मात्र कधीच नको. लोणंद कांद्याचा बाजार म्हणून ओळखले जाते, आपल्या प्रत्येक कालवणात कांदा-लसूण असतो. कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. शिजवल्याने हा दोष जात नाही.

मांजर जाड असेल तर वजन हळूहळू उतरवायचे. जाड मांजराला उपाशी ठेवू नका. दोन-तीन दिवस पोटात काही गेले नाही, तर त्याच्या यकृतावर चरबी चढते आणि ते दगावू शकते. आणखी एक : इन्सुलिन चालू असताना भाकरी-दूध एकदम बंद करून मांस सुरू केले, तर साखर झपाट्याने उतरते आणि तोच डोस जास्त होतो. खाणे बदलायचे ते डॉक्टरांना सांगून, डोसाच्या हिशोबानेच.

वही

वहीत रोज चार गोष्टी लिहा : किती खाल्ले, किती पाणी प्यायले, किती युनिट कितीला टोचले, चाल-चलन कसे होते. आठवड्याला वजन लिहा. डॉक्टरांना ही वही दाखवली की डोस ठरवणे सोपे जाते. मांजराच्या कानाच्या कडेला बारीक टोचून आपल्या ग्लुकोमीटरवर साखर बघता येते. माणसांचे मशीन मांजराचा आकडा थोडा कमी दाखवते, तेवढे ध्यानात ठेवा. माणसाला टोचलेली सुई मांजराला आणि मांजराची माणसाला कधीच नको. माणसासारखी साखर ११० वर आणायची घाईही नको. दिवसातला बराच वेळ ती १०० ते ३०० च्या मध्ये राहिली, तहान कमी झाली, वजन टिकले, तरी मांजर चांगले जगते.

एक आशेची गोष्ट आहे. लवकर इन्सुलिन सुरू झाले आणि खाणे बदलले, तर काही मांजरांचे स्वादुपिंड पुन्हा काम करू लागते आणि काही महिन्यांत इन्सुलिन बंदही करता येते. सगळ्यांचे असे होत नाही. आणि बंद झाले तरी शुगर परत येऊ शकते, म्हणून पाणी आणि वजन बघत राहायचे.

टोचताना मांजर चावले किंवा ओरबाडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा. घरचे मांजर आहे म्हणून सोडून देऊ नका. आणि घरातली तापाची पॅरासिटामॉल मांजराला कधीही देऊ नका. एका गोळीने मांजर मरते.

माणसाला मिळेना, मांजराला कशाला?

हा प्रश्न आम्हाला ओसरीवरच विचारला गेला. प्रश्न खोटा नाही. वस्तीत अशी माणसे आहेत, जी पैशांअभावी गोळी एक दिवसाआड घेतात. त्यांच्यासाठी भांडणे हे आमचे पहिले काम आहे आणि राहील.

पण ज्या इन्सुलिनवर आज माणसे जगतात, ते कुठून आले हेही माहीत असावे. १८८९ साली स्ट्रासबुर्ग इथे मिंकोव्स्की आणि मेरिंग या दोन डॉक्टरांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढले आणि कुत्र्याला शुगर झाली. त्यातून हा आजार कुठल्या अवयवाचा ते उमगले. १९२१ साली टोरांटोला बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून इन्सुलिन वेगळे काढले. जानेवारी १९२२ मध्ये ते चौदा वर्षांच्या एका मरणाच्या दारातल्या मुलाला टोचले आणि तो वाचला. त्यानंतर कित्येक दशके जगभरची माणसे कसायाकडच्या गायी-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढलेल्या इन्सुलिनवर जगली. मांजराचे इन्सुलिन आणि गायीचे इन्सुलिन यांत तर फक्त एका दुव्याचा फरक आहे. जनावरांच्या जिवावर आपण जगलो. त्यांच्यातल्या एकाला एक थेंब परत दिला, तर तो उधळेपणा होत नाही.

हिशोबाने बघितले तर मांजराला दिवसाला दोन युनिट म्हटले, तर महिन्याला साठ युनिट लागतात. खर्च खरा होतो तो सिरिंजचा, तपासणीचा, येण्या-जाण्याचा. कुणाला तो झेपत नसेल, किंवा बारा-बारा तासांनी टोचायला घरी कुणी नसेल, तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. निदान खाणे बदलून काय साधते ते बघता येते. त्रास फारच वाढला, तर पुढे काय करायचे हेही त्यांच्याशीच बोला. त्यात कुणी दोषी नाही. मांजराला पोत्यात घालून लांब सोडून येणे मात्र करू नका. ते तहानेने तडफडून मरते.

आजींची वही

बोक्याचे इन्सुलिन सुरू झाले. आजी सुई टोचायला दोन दिवसांत शिकल्या, कारण स्वतःला टोचायची सवय होतीच. तिसऱ्या आठवड्यात रविवारी आम्ही आजींची शुगर बघितली तर ३१२. खोदून विचारले तेव्हा कळले, की बोक्याच्या सिरिंजला आणि कोंबडीच्या मानांना पैसे लागतात, म्हणून आजी स्वतःची संध्याकाळची सुई टोचत नव्हत्या. त्यांची बाटली सरकारी होती, फुकटची होती, तरी "जपून वापरते" म्हणाल्या. जेवणही एकदाच करत होत्या.

त्या दिवशी आम्ही आजींना रागावलो. तुम्ही पडलात तर बोक्याला कोण टोचणार, एवढेच विचारले. त्यांच्याकडे उत्तर नव्हते. घरातल्या माणसाच्या औषधातून, जेवणातून कापून मांजराचे औषध करायचे नाही, हा नियम आम्ही त्यांच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून दिला. मग वस्तीतल्या बायांनीच वाटून घेतले. कोंबडीच्या दुकानात काम करणारा एक मुलगा माना आणून देतो. गल्लीतल्या दोघी आळीपाळीने संध्याकाळी सातला जातात, आधी आजींची सुई बघतात, मग बोक्याची.

आपल्या समाजाला हा आजार नवा नाही. बाबासाहेबांना शेवटच्या वर्षांत मधुमेहाने आणि पायांच्या वेदनांनी फार छळले. डॉक्टर असलेल्या माईसाहेब त्यांचे पथ्य आणि इन्सुलिन सांभाळत होत्या. एवढ्या मोठ्या माणसालाही हा आजार एकट्याने सांभाळता आला नाही, घरातले कुणीतरी सोबत लागले. मग एकटी राहणारी म्हातारी माणसे तो एकट्याने कसा सांभाळणार?

आजींच्या वहीत आता दोन रकाने आहेत, एक त्यांचा, एक बोक्याचा. पाच महिने झाले. बोक्याचे इन्सुलिन बंद झालेले नाही, पण पाणी कमी झाले आहे, अंग धरले आहे, आणि मागचा पाय तो पुन्हा पंजावर टाकू लागला आहे. आजींची मागच्या रविवारची उपाशीपोटीची शुगर १३८ होती. तुमच्या गल्लीत एकटे राहणारे कुणी शुगरचे असेल, तर संध्याकाळी सातला एकदा डोकावून या. त्यांच्या घरात मांजर असेल, तर त्याच्या पाण्याच्या भांड्याकडेही बघा.

जय भीम!